घडीचा कंदील : होई आन ते पुणे, प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. हनोई

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. आमचा आकाशकंदील दिवाळी झाली की माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी खाली काढला की दोन कामट्या निसटलेल्या, कागदाला भोकं. षटकोनी सांगाडा दोऱ्याने आवळून बांधलेला असतो. तो मिटत नाही, म्हणून जागा खातो आणि जागा खातो म्हणून कुणाच्या तरी बॅगेखाली जातो. व्हिएतनाममधल्या होई आन गावचे कापडी कंदील मात्र छत्रीसारखे मिटतात. ती घडी कशी बसवतात ते तिथे जाऊन हातांनी शिकायचं आणि वसुबारसेच्या आत पुण्यात तसा एक उभा करायचा. आई सोबत आहे. तिचं आयुष्य शिवणाच्या मशीनवर गेलंय, त्यामुळे कापडाचं खातं तिच्याकडे, बांबूचं माझ्याकडे.

दसऱ्याचं सोनं वाटलं आणि रात्रीच निघालो. आज संध्याकाळी जुन्या हनोईतली हांग मा गल्ली. सोमवारी इथली मध्य-शरद पौर्णिमा, म्हणजे चुंग थू, मुलांचा सण. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. निम्मा माल बॅटरीवर गाणी म्हणणारा प्लॅस्टिकचा. पण मधूनमधून बांबूच्या चांदण्या टांगलेल्या. एक काढून उलटीपालटी करून पाहिली: पाच टोकांच्या दोन चपट्या चांदण्या पाठीला पाठ लावून टोकांशी बांधलेल्या, मध्ये छोट्या काड्यांचा टेका देऊन पोट फुगवलेलं आणि वर लाल जिलेटीन. आई म्हणाली, “अगं, ही तर आपल्या शाळेतल्या कार्यानुभवातली चांदणी!” खरंच तीच. या चांदण्या नाम दिन्हकडच्या बाव दाप गावात घरोघरी बनतात. ही चांदणीही मिटत नाही, तेव्हा आपल्या कामाची नाही. तरी एक घेतली. भाच्याला हवी होती.

४ ऑक्टोबर, शनिवार. होई आन

सकाळच्या विमानाने दा नांग, तिथून टॅक्सीने तीस किलोमीटर. होई आनला रेल्वे नाही. कागदोपत्री हे गाव आता दा नांग शहरातच आहे. १ जुलै २०२५ला क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला. गावाला त्याचं काही पडलेलं दिसत नाही.

जुन्या गावाचं तिकीट १,२०,००० डोंग, म्हणजे साधारण चारशे रुपये. शून्यं बघून आईचा चेहरा उतरतो, भागाकार करून सांगितलं की पूर्ववत होतो. थू बोन नदीच्या मुखाजवळचं हे बंदर पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत होतं. चिनी आले, जपानी आले, राहिले, घरं बांधली. पुढे नदी गाळाने भरली, मोठी गलबतं दा नांगला जायला लागली आणि गाव जसंच्या तसं मागे उरलं. १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. दारावर कंदील टांगायची चाल चिनी व्यापाऱ्यांबरोबर आली. आज गल्ल्यांवर दिसते ती कंदिलांची दाटी मात्र बरीचशी अलीकडची, पर्यटनाने वाढवलेली. मला त्यात काही वावगं वाटत नाही. गिऱ्हाईक आलं म्हणून कारागीर टिकला.

घडीचंही तेच. गोल फुगलेला कंदील विमानात कोण नेणार? मिटतो म्हणून विकला जातो. म्हणजे इथे जी शिकायची गोष्ट आहे ती रेशीम नाही, ही घडी आहे. पण वर्गांच्या जाहिराती सगळ्या रेशमाच्या.

दुपारी वर्गांची चौकशी केली. दोन प्रकार. तासाभराचा: तयार सांगाडा हातात देतात, तुम्ही कापड चिकटवायचं, फोटो काढायचा. अर्ध्या दिवसाचा: पट्ट्या तासण्यापासून. पहिला म्हणजे नुसती गुंडाळणी आहे. कुणी जाणार असेल तर पैसे थोडे जास्त गेले तरी दुसराच घ्यावा. नदीपलीकडे आन होई बेटावर रात्रीच्या बाजारात कंदिलांची दुकानं ओळीने आहेत. तिथे जाऊन मिटलेले कंदील उघडूनझाकून पाहिले. दुकानदार पोरगी वैतागली असावी, पण हसत होती.

५ ऑक्टोबर, रविवार. वर्ग

नदीपासून जरा आत, एका घराच्या पडवीत. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, बोलतात फक्त व्हिएतनामी. त्यांची मुलगी इंग्रजीत सांगते. आई आणि बाईंचं काही मिनिटांतच दुभाष्याशिवाय जमलं.

बांबू. पूर्ण पिकलेला घ्यायचा, कोवळा नाही. तोडल्यावर मिठाच्या पाण्यात घालायचा, काही जण उकळतात, मग वाळवायचा. पारंपरिक हिशोब दहाएक दिवसांचा. कारण साधं आहे: बांबूच्या आत पिष्ट आणि साखर असते, भुंगा तेवढ्यासाठीच येतो. पाण्यात ते उतरून जातं, मिठाने उरलेल्याची चव जाते. आम्हाला अर्थात आधीच मुरवून वाळवलेल्या चिपा दिल्या.

तासणं. डाव्या मांडीवर जाड कापडाचा तुकडा, त्यावर चीप, उजव्या हातात सुरी. बाई सुरी हलवत नाहीत. सुरीचा हात मांडीला टेकून स्थिर, आणि डाव्या हाताने पट्टी मागे ओढतात. त्यामुळे जाडी आपोआप एकसारखी येते. सुरी पुढे ढकलली की ती बांबूत रुतते आणि रेषेबाहेर पळते. सालीची बाजू अजिबात तासायची नाही, सगळं काढायचं ते आतून. बांबूचे घट्ट तंतू सालीलगत दाट असतात. पट्टी बाहेरच्या अंगाला वाकते तेव्हा ताण त्याच अंगावर येतो. साल गेली तर पट्टी तिथेच फुटते. गाठ पट्टीच्या मध्यावर, म्हणजे कंदिलाच्या पोटावर, येऊ द्यायची नाही. टोकाकडे आली तर चालते.

सांगाडा. दोन लाकडी चकत्या, कडेला खाचा. आमच्या मापाला बारा खाचा, बारा पट्ट्या. पट्टीच्या दोन्ही टोकांना बारीक भोक, त्यातून तार ओवून चकतीभोवती फिरवायची, म्हणजे प्रत्येक पट्टी आपल्या खाचेत बिजागरीवर बसल्यासारखी मोकळी राहते. घट्ट आवळायचं नाही. सगळी गोम या तारेत आहे. आमचा आकाशकंदील आपण दोऱ्याने जितका आवळू तितका चांगला मानतो; इथे आवळलं की घडी मेली.

मग पोटावरून दोरा. एका पट्टीला वेढा, पुढच्या पट्टीपर्यंत ठरावीक अंतर, पुन्हा वेढा. दोरा नसेल तर कापड ताणताना शेजारच्या दोन पट्ट्या जवळ येतात, पुढचा गाळा रुंद होतो आणि कंदील एका अंगाला झुकतो. बाईंनी अंतर मोजायला पट्टी वापरली नाही, तर्जनीची दोन पेरं धरली.

उघडमीट: दोन चकत्या एकमेकींपासून दूर ओढल्या की पट्ट्या सरळ होतात, कंदील लांबट होऊन मिटतो. जवळ आणल्या की पट्ट्या बाहेर कमान घेतात. आत एक तारेचा टेका असतो, तो अडकवला की चकत्यांमधलं अंतर तसंच राहतं. एवढंच. ना स्प्रिंग, ना खटका. बांबूची सरळ व्हायची ओढ आणि तिला धरून ठेवणारी तार.

कापड. नावाला रेशीम. उत्तम कंदिलांना हनोईजवळच्या हा डोंगचं रेशीम वापरत आले आहेत, वर्गात मात्र बहुतेक चमकदार साटीन, थोडं ताणलं जाणारं. बाईंनी स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. पावसात साटीनच बरं, म्हणाल्या.

इथे आईचा अंमल सुरू झाला. तिने रंग निवडायच्या आधी प्रत्येक तुकडा ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. गडद लाल हातात सुंदर, पण उजेड अडवतो. फिकट पिवळा हातात फिका, दिव्यापुढे उजळ. पिवळा घेतला. मग कापड कापायला घेताना बाईंच्या आधीच म्हणाली, “उरेब धर. उभा धागा पट्टीला समांतर गेला तर कमानीवर चुण्या पडतील.” मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तोवर बाईंनी तेच कापड तिरकं फिरवून आईसमोर धरलं होतं. दोघी एकमेकींकडे बघून माना डोलावत होत्या. मला कुणी विचारलंच नाही.

चिकटवणं: पांढरा डिंक, आपला फेविकॉल असतो तसलाच, बोटाने पट्टीवर पातळ. दोन पट्ट्यांमधल्या गाळ्यावर तुकडा टाकायचा, आधी पोटाशी दाबायचा, मग वर आणि खाली सरकत ताण काढायचा. डिंक अर्धवट सुकला, चिकट झाला की पट्टीच्या कडेने कात्री चालवायची. ओला असताना कापलं तर कापड सरकतं, पूर्ण सुकल्यावर कापलं तर दोरे निघतात. ही मधली वेळ बाई नखाने कापड हलकेच उचलून ओळखतात. हवेत दमटपणा भरपूर, त्यामुळे टेबलफॅन सतत चालू. शेवटी वरखाली सोनेरी फीत आणि खाली गोंडा.

मिटताना कापड दोन पट्ट्यांमध्ये आत जायला हवं. पहिल्या वेळी प्रत्येक गाळा बोटाने आत ढकलून घडी घालून द्यायची. नंतर तिथेच ते वळतं.

जेवण: आईच्या शाकाहाराची काळजी होती, ती चांद्र तिथीने मिटवली. इथले बौद्ध लोक पौर्णिमेला आणि प्रतिपदेला ‘चाय’, म्हणजे शाकाहारी, जेवतात. या दिवसांत एरवी मांसाहारी असलेल्या गाड्यांवरही ‘चाय’ची पाटी लागते. टोफू, अळंबी, शेंगदाण्याचं कूट घातलेल्या शेवया. आईने दोनदा घेतल्या.

रात्री चांद्र चौदावी. दर महिन्याला या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे बंद ठेवून कंदिलांच्या उजेडात गल्ल्या ठेवतात. हा रिवाज १९९८पासून चालू आहे. आज गर्दी इतकी की जपानी पुलाजवळ अर्धा तास जागचं हलता आलं नाही. नदीत कागदी डब्यांत मेणबत्त्या सोडतात, होड्या फिरतात. सुंदर आहे, नाकारत नाही. पण सकाळी तो कागद कुठे जातो हा प्रश्न मनात आल्यावर मी डबा घेतला नाही. आकाशात सोडायचे उडते कंदील मात्र इथे कुठेच नाहीत. आगीच्या भीतीने व्हिएतनामने २००९ सालीच त्यांवर बंदी घातली. कुणी तसले फोटो मनात धरून येत असेल तर तो दुसरा देश.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी पुन्हा बाईंकडे, पण वर्गाला नाही. मोठ्या कंदिलाचा हिशोब विचारायचा होता. सोळा पट्ट्यांचा करायचा तर चकती मोठी घे आणि पट्टी जाड नको, लांब घे, असं सांगितलं. लसणाच्या गड्ड्याचा जो आकार दुकानात दिसतो त्याच्या पट्ट्या आधी धगीवर वाकवून घ्याव्या लागतात. साध्या गोलाला ते लागत नाही. मी गोलच करणार.

आज चुंग थू आणि आज कोजागिरीही. दोन्ही एकाच रात्री येणं नेहमीचं नाही. एरवी चुंग थू आपल्या भाद्रपद पौर्णिमेला, अनंत चतुर्दशीच्या आगेमागे पडते. यंदा त्यांच्या पंचांगात सहावा महिना अधिक आला म्हणून सण एक चंद्र पुढे सरकला. पुढच्या वर्षी आपला ज्येष्ठ अधिक आहे, तेव्हा पुन्हा गणपतीच्या दिवसांत. आईने पुण्याहून मसाल्याची पुडी आणली होतीच. दुकानातून दुधाचा खोका आणला, खोलीतल्या किटलीत तापवलं, साखरेऐवजी कॉफीत घालतात ते गोड घट्ट दूध. एक पेला बाईंच्या मुलीला नेऊन दिला. तिने केशराची काडी बाजूला काढली, मग आईचा चेहरा पाहून खाल्ली. गल्लीत पोरं ढोल बडवत सिंहाचा नाच करत होती.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आवराआवर. मिटलेला कंदील पिशवीत आडवा बसला. बांबू तासलेला, वाळलेला, रंगवलेला असल्याने अडचण येऊ नये असं वाटतं, तरी विमानतळावर वर ठेवणार आहे. सुरी सामानात खाली. बाईंनी दोन लाकडी चकत्या दिल्या, नमुन्याला. पैसे घेतले नाहीत; आईने त्यांना ब्लाउजपीस दिला.

११ ऑक्टोबर, शनिवार. पुणे

बुरूड आळी. दिवाळीआधीचा शनिवार, सुपं-टोपल्या रस्त्यावर. तिथल्या ओळखीच्या बुरूडकाकांना होई आनची पट्टी दाखवली. त्यांनी वाकवून पाहिली, साल नखाने खरवडली, म्हणाले, “ताई, हे तासकाम चांगलंय. पण बांबू आपलाच घ्या, मेस जातीचा घ्या.” मिठाच्या पाण्याचं सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची रीत, आणि अमावास्येच्या सुमारास तोडायचा नेम. दिवाळीपर्यंत मुरवायला वेळ नाही, म्हणून वाळलेल्या कामट्या घेतल्या. पुढे भुंगा लागला तर लागला. हा कंदील नमुना आहे, धकेल.

माप कागदावर काढलं. पट्टी ४५ सेंटीमीटर, चकतीचा व्यास ८. चकत्यांमधलं अंतर ३० ठेवलं की कमान साधारण १४ बाहेर येते, म्हणजे पोटाचा व्यास ३६. बारा पट्ट्या धरल्या तर पोटाशी दोन पट्ट्यांत सव्वानऊ सेंटीमीटर. अंतर २७ केलं तर कंदील आणखी चेपलेला दिसतो. ३० बरं वाटतं. जाडी दोन मिलिमीटर. तीनच्या वर गेलं की या वाकाला धोका.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर तासणं. मांडीवर जुनी जीन्स दुमडून. आपल्या कामट्यांची गाठ जवळजवळ येते, त्यामुळे मध्यावरून गाठ टाळायची तर प्रत्येक काडीतून एकच पट्टी निघते. कचरा बराच झाला. सुताराकडून सहा मिलिमीटर प्लायच्या चकत्या, तीस-तीस अंशांवर खाचा. तार: बांधकामाची बाइंडिंग वायर जाड पडते, आई फुलांच्या दुकानातून बारीक घेऊन आली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सांगाडा उभा राहिला. मिटतो. वीसपंचवीस वेळा उघडमीट केली, कुठे करकर नाही. पोटावरच्या दोऱ्याला मेण चोळलं, वेढा सरकत नाही.

कापडावर वाद. मला साडीचं जुनं रेशीम वापरायचं होतं, आई म्हणाली, “जुनं रेशीम घडीवर फाटतं. माझ्या शालूचं काय झालं आठवतंय ना?” आठवतंय. दिवाळीत सर आलीच तर साटीन लवकर सुकेल हाही मुद्दा तिचा. साटीन. रंग अबोली, उरेब कापलेलं.

गोंडा नको असं दोघींचं एकमत. आपल्या कंदिलाला झिरमिळ्याच हव्यात. पण कागदी झिरमिळ्या घडीत चुरगळतात, म्हणून साटीनच्याच अरुंद पट्ट्या, कडा मेणबत्तीवर भाजून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कापड चिकटवून झालं. इथली हवा होई आनपेक्षा कोरडी, डिंक फार लवकर धरतो. एकावेळी एकाच गाळ्याला लावावा लागला. नखाची खूण इथेही चालते, फक्त वेळ निम्मी.

दिवा: पाच वॅटचा एलईडी. जुना पिवळा बल्ब या कापडात अजिबात नको, तापतो. होल्डर वरच्या चकतीत बसवला, पण टांगला की कंदील आपला आपण थोडा मिटायला बघतो. टेक्याची तार जाड करून पाहिली, आता ठरते. वायर चकतीच्या मधल्या भोकातून न नेता कडेच्या खाचेतून काढली, म्हणजे मिटताना बल्ब काढावा लागणार नाही.

उद्या वसुबारस. सकाळी गॅलरीत हूक तपासायचा. शेजारच्या वहिनींनी त्यांच्यासाठी एक सांगितलाय. त्यांना म्हटलं, पुढच्या दिवाळीला, मुरवलेल्या बांबूचा. बुरूडकाकांकडे मेस सांगून ठेवला आहे, अमावास्येनंतर आठवड्याने घेऊन यायचा आणि गच्चीवरच्या पिंपात मिठाच्या पाण्यात टाकायचा. सोसायटीच्या दारासाठी सोळा पट्ट्यांचा करायचं मनात आहे. त्याच्या चकत्या कशाच्या करायच्या ते सुताराला विचारायचं राहिलंय, प्लाय त्या मापाला लवेल असं वाटतं.